ताशी तीन मैलांची चोरी

प्रिय रसेल,

आपली जुनी बोट, डॅबचिक, सापडली. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू नेहमीसारखं "नंतर बोलू रे कॉलिन, कामात आहे" म्हणाला असतास, म्हणून लिहितोय. पत्र मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं. ते वाचून झाल्यावर खुशाल कर. मी सगळं क्रमानं सांगणार आहे, कारण रागावलेल्या माणसानं क्रम सोडला की त्याचं खरंही खोटं वाटायला लागतं. आणि मी रागावलोय. गेला महिनाभर झोपण्यापूर्वी प्रार्थनेला गुडघे टेकतो आणि दुसऱ्याला क्षमा करण्याच्या ओळीपाशी येऊन अडकतो.

तिला परत विकत घ्यावं असं माझ्या मनात नव्हतं. आई गेल्यावर घर आवरताना एवढंच वाटलं, की आपल्या घरातलं एक माणूस अजून कुठंतरी कालव्यावर फिरतंय, ते बरं आहे का बघावं. माझं काम तुला माहीतच आहे. कालव्यात बोटींना वर-खाली चढवणाऱ्या लॉकचे ओकचे दरवाजे बनवायचे आणि जागेवर नेऊन बसवायचे. त्यामुळं वर्षभर वेगवेगळ्या कालव्यांच्या काठी असतो. जिथं जाईन तिथं विचारायचो, तिरक्या नाकाची जुनी नॅरोबोट पाहिलीत का. ते नाक कसं तिरकं झालं आठवतं ना? आईनं खंड्या दाखवला आणि बाबांनी बोगद्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून खंड्याकडे बघितलं. मग आई दोन दिवस म्हणत होती, "हॅरल्ड, पक्षी उडून गेला, भिंत नाही गेली." नावं बदलतात, रंग बदलतात, पण पोलादाला आलेला पोचा कोण काढत बसतो? शेवटी मार्चमध्ये बोटीवरून कोळसा विकणारा एक माणूस म्हणाला, "तिरक्या नाकाची? ती आता जांभळी आहे. ऑडलेमच्या खाली उभी असते. पण जपून बोल हं, मालकीण नर्स होती. तुलाच झोपवून तपासेल."

ती चोरीला गेली तो दिवस मला अजून पाठ आहे. चॅपलच्या वार्षिक उपासनेचा रविवार. सगळं गाव आत, मुलींच्या डोक्यांवर नव्या टोप्या, आणि बाबा धर्मग्रंथातला उतारा वाचायला उभे. बाहेर आलो तर कालव्याचा काठ रिकामा. लोखंडी कड्याशी दोर ओढून काढल्याची खूण तेवढी होती. लोकांच्या मोटारी चोरीला जातात, घोडे जातात, ते कळतं. ते पळतात तरी. पण बोट? ताशी तीन मैल! म्हातारी बाई कुत्रं घेऊन चालली तरी पुढं जाईल. आणि तरीही ती गेली, कारण कालव्यावरची माणसं आपण अशी घडलेली आहोत, की समोरून बोट आली की हात वर करायचा आणि लॉकपाशी कुणी एकटा दिसला की धावत जाऊन दरवाजा ढकलायचा. चोराला सतरा हातांनी मदत केली, रसेल! त्या पाच लॉकच्या उतरंडीवरच्या मिसेस बोल्टननं तर त्याला चीज घातलेले ओटकेक खाऊ घातले. नंतर पोलिसाला म्हणाली, "मला काय ठाऊक चोर आहे ते? गुणी पोरगा होता. उभ्या बोटींजवळून जाताना वेग कमी करत होता. सगळे दरवाजे मागं लावून गेला. तुमच्यातले कितीजण लावतात?"

पोरगा. विशीच्या आतबाहेरचा, टोपीवाला, मिसरूडही नीट न फुटलेला. तिनं एवढं स्वच्छ सांगितलं होतं. आणि आपल्या गावानं काय ठरवलं? चोर कोण, तर मिस्टर प्रोथेरो. पन्नाशीला आलेला वेल्श माणूस, दाढी छातीवर रुळणारी. का, तर आठवड्यानं बोट कालव्याच्या एका बंद पडलेल्या फाट्यात सापडली तेव्हा तिचं नाव हिरव्या रंगानं पुसलेलं होतं, आणि कालव्यावर हिरव्या रंगाचे डबे त्याच्याकडेच असायचे. पाण्याच्या डब्यांवर गुलाब आणि किल्ले रंगवून विकणं हेच तर त्याचं पोट. शिवाय त्या रविवारी तो चॅपलमध्ये नव्हता. घसा बसला होता त्याचा! आख्ख्या गायकवृंदाचा खालचा सूर ज्याच्यावर उभा, त्यानं बसलेल्या घशानं येऊन काय खोकायचं होतं? कुणीतरी म्हणालं, दाढी काढून गेला असेल. सोमवारी सकाळी ती दाढी दुकानात आपल्या सगळ्यांच्या समोर पाव घेत होती. पण लोकांना चोर हवा होता, आणि तोही बाहेरगावचा असेल तर फारच सोयीचं.

पोलिसांनी त्याला सोडलं. गावानं नाही सोडलं. त्याचे डबे कुणी घेईना. दुकानदार सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवायला लागला. एका सकाळी त्याच्या बोटीचे दोर कुणीतरी सोडून दिले आणि ती आडवी होऊन पुलात अडकली. नवरा-बायको झोपायच्या कपड्यांत चिखलातून ती ओढत होते आणि पुलावरून लोक बघत होते. त्या लोकांत मीही होतो. पहिलं बर्फ पडायच्या आधी ते निघून गेले.

त्याच दिवसांतली आपल्या घरची एक दुपार मला राहून राहून आठवते. चहाला आर्थरकाका आले होते. नोकरीचं बघायला म्हणून चोरीच्या आदल्याच दिवशी मँचेस्टरला गेलेला तू परत आला होतास. काका म्हणाले, "त्या वेल्शमनला तुरुंगातच टाकायला हवं होतं. बायकोपण सामील असणार." आई म्हणाली, "आर्थर, मुलांसमोर नको." बाबा खाली बघून चहा ढवळत राहिले. आणि तू जॅमची बरणी काकांच्या पुढं सरकवलीस. एवढंच. मला वाटलं होतं, मोठा झालाय रसेल, मोठ्यांच्या बोलण्यात पडत नाही.

आता बोटीवर येतो. मालकिणीचं नाव फिलिपा ऑग्डन. मी काठावरून टोपी काढून नाव सांगितलं तर म्हणाली, "आत ये, पण बूट काढून. माझी बोट आहे ही, पब नव्हे." आतली लाकडं तीच आहेत, रसेल. तुझ्या झोपायच्या फळीवरची गाठ, तिला तू घुबड म्हणायचास, ती तशीच टक लावून बघते. आईच्या चुलीच्या जागी नवी चूल आहे, पण बरी आहे. मला रडू येईल असं दिसल्यावर फिलिपानं चहात न विचारता तीन चमचे साखर घातली. मग म्हणाली, "चल, तुला एक गंमत दाखवते. सुकाणूचा दांडा कुठं ठेवतात सांग." मी न बघता दाराच्या वर हात नेला, छताची दुसरी फळी मागं ढकलली, आणि पितळी दांडा हाताला लागला.

तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण मला ते लिहून बघायचंय. कालव्यावरचा प्रत्येक माणूस बोट बांधली की सुकाणूचा दांडा काढून आत ठेवतो. नाही ठेवला तर झोप लागत नाही. पण एकदा स्टोकमध्ये आपला दांडा चोरीला गेल्यावर बाबांनी ती फळी सरकती केली, आणि ती जागा आपण चौघं सोडून जगात कुणाला ठाऊक नव्हती. फिलिपा हसत हसत सांगायला लागली, "मला ही जागा सिरिलनं दाखवली. त्यानं तुझ्या वडिलांकडून बोट घेतली होती ना? फार गमत्या माणूस असणार तुझा बाप. बोट ताब्यात देताना दांडा इथून काढून सिरिलला म्हणाला, 'चोरानंही इथंच ठेवला होता. शिकवलेलं वाया गेलं नाही.' सिरिल मरेपर्यंत हे सांगून हसायचा."

मी हसलो नाही. मी बूट न घालताच बाहेर आलो आणि काठावर बसून राहिलो.

त्या रविवारी चौघांपैकी आम्ही तिघं चॅपलमध्ये होतो. तर बाबांना ठाऊक होतं. बोट सापडली त्याच दिवशी, फळी सरकवल्याबरोबर. त्या वर्षानंतर ते चॅपलमध्ये उतारा वाचायला कधी उभे राहिले नाहीत, आणि प्रभुभोजनाची भाकर घ्यायलाही पुढं गेले नाहीत. मला वाटायचं, बोट विकल्याचं दुःख. आई म्हणायची, गुडघे दुखतात. देवासमोर जायला लाज वाटत होती त्यांना, पण मिस्टर प्रोथेरोंच्या दारापर्यंत जायला पाय उचलले नाहीत. बापानं पोराला पाठीशी घालावं हे मला समजतं. मलाही मुलगी आहे. पण दुसऱ्याच्या पाठीची ढाल करून? त्यांच्या कबरीशी जाऊन मी हे मोठ्यानं बोलून आलो. शेजारी फुलं ठेवणारी बाई घाबरून निघून गेली.

तू बोट का नेलीस हे मला विचारायचंसुद्धा नाही. बाबांनी ती विकायची ठरवली होती आणि तुझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. तुला ती लपवायची होती, नाव पुसलेल्या बोटीला गिऱ्हाईक मिळणार नाही असं वाटलं असेल. तू आधी माझ्याकडे येऊन म्हणाला असतास, की कॉलिन, चल, तर मीही आलो असतो. त्यासाठी माझा राग नाही. तो जॅमच्या बरणीचा आहे.

फिलिपाच्या बोटीच्या छपरावर पाण्याचा एक डबा होता. त्यावरचे गुलाब मी ओळखले. पाकळीच्या टोकाला तसा बारीक पांढरा फटकारा दुसरं कुणी मारत नसे. "वेल्समध्ये, लँगोलेनला, एक म्हातारा विकायचा," ती म्हणाली, "आता डोळे गेलेत त्याचे, म्हाताऱ्यांच्या आश्रमात असतो." पुढच्या शनिवारी मी तिथं गेलो. मिस्टर प्रोथेरो खिडकीपाशी बसले होते. दाढी आहे, पांढरी. आवाजावरून त्यांनी मला बाबा समजलं आणि हातांनी खुर्ची घट्ट धरली. मी कॉलिन म्हटल्यावर पहिला प्रश्न त्यांनी काय विचारावा? "डॅबचिक बरी आहे का रे?" मी सगळं सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "मला ठाऊक आहे. रंग माझाच होता तो. तुझा भाऊ शुक्रवारी सायकल रंगवायला म्हणून डबा मागून घेऊन गेला होता." मी ओरडलोच, की मग बोलला का नाहीत! खोलीतल्या दुसऱ्या म्हाताऱ्यानं "हळू, बाजार आहे का हे?" म्हणून दटावलं. मिस्टर प्रोथेरो म्हणाले, "पोरगं एकोणीस वर्षांचं होतं. माझ्या तोंडून पोलिसांना कळलं असतं तर त्याच्या नावाला आयुष्यभर तेच चिकटलं असतं. स्वतः येऊन बोलला असता तर बापानं कान पिळून प्रकरण मिटवलं असतं. म्हटलं, उद्या येईल. मग म्हटलं, रविवारी येईल. मग थंडी पडली."

त्यांची बायको ओल्वेन सात-आठ वर्षांपूर्वी वारली. शेवटच्या आजारात तिनं त्यांचा हात धरून विचारलं होतं, "आता तरी खरं सांग, एम्रिस, तू नेली होतीस का ती बोट?" म्हणजे जिनं त्यांच्याबरोबर चिखलात दोर ओढले, तिच्याही मनात ते जाऊन बसलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. "विश्वास ठेवला का तिनं?" मी विचारलं. "ठेवल्यासारखं केलं," ते म्हणाले. "चांगली बाई होती." आणि मुलगी नेरिस तर त्या वेळी शाळेत होती. तिला पोरं चोराची पोर म्हणायची. ती दर रविवारी दुपारी बापाला भेटायला येते, केक आणते, नखं कापते, पण त्या गावाचं नाव निघालं की उठून उभी राहते. तिला त्यांनी तुझं नाव कधी सांगितलेलं नाही. मी म्हटलं, मी सांगतो तिला. "तू नको," ते म्हणाले. "तू सांगितलंस तर ते तुझ्या चांगुलपणाचं होईल. तिला ज्यानं नेली त्याच्याकडून ऐकू दे."

म्हणून हे पत्र. मला तुझ्याकडून उत्तर नको, कारणं नकोत, आणि माझी क्षमा तर मुळीच मागू नकोस. माझं तू काही नेलेलं नाहीस. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं रुआबॉनला उतर. मी स्टेशनबाहेर व्हॅन घेऊन उभा असेन. वाटेत मी एक शब्द बोलणार नाही, तुलाही बोलावं लागणार नाही. नेरिस जेवणानंतर येते. तू तिच्यासमोर उभा राहा आणि एवढंच म्हण, की बोट मी नेली होती, तुमच्या वडिलांनी नाही. मिस्टर प्रोथेरोंना दिसत नाही आता, पण ऐकू स्वच्छ येतं. तू येशील म्हणून ते इतकी वर्षं खिडकीपाशी बसले आहेत असं मी म्हणणार नाही, पण निघताना त्यांनी मला विचारलं, "रसेलला अजून गोड आवडतं का? नेरिसला जरा मोठा केक आणायला सांगतो."

तुझ्यावर चिडलेला आणि तरीही तुझाच,
कॉलिन