झूराच्या मातीची खरी हकीकत

२८ सप्टेंबर २००९

आमचा पाळक तिनायबेक याने काल नारीन शहरातल्या मंडळीच्या सभेत जे सांगितले, ते असत्य आहे. "ऑगस्टच्या अखेरीस भगिनी झूरा प्रभूकडे गेली, रविवारी विश्वासी जनांनी गीते गात तिला माती दिली आणि सारे गाव थक्क होऊन पाहत राहिले." एकाच वाक्यात चार चुका! लोक डोळे पुसत होते. मी शेवटच्या बाकावर दात आवळून बसलो होतो.

झूरा माझी पत्नी. ती सप्टेंबरमध्ये गेली, ऑगस्टमध्ये नव्हे. माती शुक्रवारी झाली. गीत कोणीही गायिले नाही. आणि गाव थक्क झाले नव्हते. गाव समाधानात होते. कारण गावाच्या समजुतीप्रमाणे झूरा शेवटी येशूला सोडून मेली!

ही समजूत कोणी करून दिली, हे तिनायबेकला ठाऊक नाही. मला आहे. मी तेथेच होतो. पाठमोरा होतो, बहिरा नव्हतो.

३० सप्टेंबर

क्रमाने लिहितो.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावात आपल्यापैकी एका भावाला मुसलमानांच्या कबरस्तानात पुरले, तर तिसऱ्या दिवशी लोकांनी त्याला उकरून काढले. प्रेत ट्रकमध्ये घालून नातेवाईक गावोगाव जागा मागत हिंडले. तेव्हाच मी झूराला म्हणालो होतो, आपल्या दोघांच्या मातीला खोटे बोलायचे नाही. आपली माती हीच आपली साक्ष! ती चहा ओतत होती. मान हलवली. मी ती संमती समजलो.

मातीच्या वेळी घरचा मुलगा पुढे होऊन लोकांना विचारतो, "कशी होती ही?" लोक म्हणतात, "भली होती!" आम्हाला मूल नाही. मुलाचा तो मान मी मेदेरला दिला. ट्रॅक्टर चालवून मिळेल ते पिऊन टाकणारा हा माणूस. त्याला येशूची वाट मी दाखवली, शास्त्र ओळीवर बोट ठेवून वाचायला मी शिकवले, आणि झूराने त्याला आमच्या चुलीशी बसवून जेवू घातले. काय बोलायचे, हे मी त्याच्याकडून घोकून घेतले होते : "ती येशूची होती. कबरस्तानात जागा नसेल, तर मास्तरांच्या शेतात पुरू."

झूराला ठेवले होते त्या नमद्याच्या तंबूबाहेर मी रीतीप्रमाणे कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून, तंबूकडे तोंड करून उभा होतो. रडणाऱ्या पुरुषाने मागे वळायचे नसते. पाठीमागे मुल्ला शेरालीचा आवाज आला — माझाच विद्यार्थी, व्याकरणात काठावर उत्तीर्ण — "मेदेर, एवढंच सांग. झूराआपा कुठला धर्म धरून गेली?"

आणि मेदेर म्हणाला, "शेवटच्या आठवड्यात आपानं माझ्यासमोर कलमा म्हटला."

मी वळलो! ओरडलो, "खोटे आहे!" लोकांना वाटले, म्हातारा दुःखाने बरळतो आहे. दोघांनी धरून बसवले, पाणी पाजले. तोवर मेदेरने विचारलेही, "कशी होती ही?" आणि अख्खे गाव एका आवाजात — "भली होती!"

माझ्या पत्नीला तिच्या प्रभूपासून तोडून त्यांनी भली म्हटले.

१ ऑक्टोबर

इतर कोणी असा दगा दिला असता, तर क्षमा करणे सोपे गेले असते.

३ ऑक्टोबर

मेदेर आला. हाक न मारता शेतात उतरला आणि बटाटे खणू लागला. मी बांधावर जाऊन उभा राहिलो.

"कोणाची भीती वाटली तुला?"

"कुणाची नाही, मास्तर."

"मग चुकलो म्हण."

तो कुदळीची माती खरवडू लागला. "तसं म्हणता येणार नाही."

"माझ्या घरात येऊ नकोस."

"घरात नाही येत. बटाटे गारठतील, तेवढे काढतो."

उद्धटपणा की निगरगट्टपणा? नेमका शब्द सापडत नाही. मला शब्द सापडत नाही, असे सहसा होत नाही.

५ ऑक्टोबर

निश्चय झाला. रविवारी झूराचा चाळिसावा दिवस. गाव जेवायला येईल. मी सर्वांसमक्ष उभा राहून सांगणार : झूरा येशूची होती आणि येशूचीच गेली, मेदेरने खोटी साक्ष दिली.

ते तिला उकरतील. उकरू देत! मी तिला माझ्या शेतात पुरेन. तेथूनही हाकलले, तर ट्रक करीन.

तिनायबेकला फोनवर खरी हकीकत सांगितली. स्वतःच्या प्रवचनाबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही. म्हणाला, "धन्य तुमचं धैर्य, मास्तर! आम्ही इथून प्रार्थना करतो." तेथून! ये म्हटले, तर त्याची गाडी नादुरुस्त आहे.

८ ऑक्टोबर

बटाटे खड्ड्यात भरून वर गवत अंथरलेले आहे. मी आभार मानलेले नाहीत.

१० ऑक्टोबर

शेजारची साल्किन सकाळी आली. झूराला शेवटची आंघोळ घातली, त्या बायकांपैकी ही एक; म्हणून रीतीप्रमाणे झूराचा मखमली डगला तिच्याकडे गेला. तोच अंगात घालून आली होती. मला पाहवेना.

"उद्या तुम्ही उभं राहून भाषण करणार म्हणे?"

"भाषण नव्हे. सत्य."

"तुमचं सत्य तुमच्यापाशी ठेवा आणि आधी ऐका. चाळिसाव्यापर्यंत तोंड उघडू नकोस म्हणाली होती झूरा. एक दिवस आधी उघडते. अल्ला बघून घेईल."

मग तिने जे सांगितले, ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"मी तुमच्या गाईपाशी होते, खिडकीखाली. झूरानं मेदेरला बोलावून घेतलं. म्हणाली, 'मी गेल्यावर हा मला घेऊन गावोगाव हिंडेल. गाव त्याला पुन्हा आत घेणार नाही. मग इथं येशूचं नाव कोण सांगणार? मी मातीखालून सांगू? तू म्हण, मी कलमा म्हटला.' मेदेर ढसाढसा रडला. म्हणाला, 'आपा, मास्तर माझं तोंड बघणार नाहीत.' ही म्हणाली, 'नाही बघणार. तरी तू जाऊ नकोस. बटाटे काढून दे.'"

"आणि कलमा?"

"कुठला कलमा! शेवटपर्यंत येशूच होता तिच्या तोंडी. मीच ऐकला ना. मला मेलीला सारं ठाऊक, आणि मी शेराली मुल्लासमोर होय म्हणून मुंडी हलवली. ते पाप माझ्या माथी."

मी म्हणालो, "सत्तेचाळीस वर्षांचा संसार — आणि मला सांगितले नाही!"

साल्किन उठली. "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही तिचं वाक्य दुरुस्त करून दिलं असतं."

मेदेरने माझा शब्द मोडला, कारण त्याने तिचा पाळला. मग विश्वासघात कोणी केला? तिने! माझ्या साक्षीचा, माझ्या निश्चयाचा! स्वतःचे नावसुद्धा तिने मागे ठेवले नाही. येशूची म्हणून ओळखले जाण्याचा तिचा हक्क — तोही तिने देऊन टाकला. माझ्यासाठी.

मला न विचारता.

११ ऑक्टोबर

गाव आले. मेंढी कापली. मेदेर अंगणात लाकडे फोडत होता. घरात येऊ नकोस म्हटले होते, म्हणून बाहेरच. मी दारात जाऊन त्याच्या दंडाला धरले, आत आणले, मुल्लाच्या शेजारी मानाच्या जागी बसवले आणि घरच्या मुलाला देतात ते मांसाचे हाड त्याच्या हातात दिले. त्याला ते खाववेना. "खा," मी म्हणालो, "थंड होते आहे."

मग उभा राहिलो. साल्किनचा हात चहाच्या किटलीवरच थांबला.

म्हणालो, "मी येशूचा आहे. त्याच्याविषयी ज्याला विचारायचे असेल, त्याने माझ्या घरी यावे. आणि मी मरेन, तेव्हा माझ्या वतीने दुसरे काही कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये."

"मास्तर, आधी मरा तर खरं!" शेराली म्हणाला. लोक हसले. कोपऱ्यातून कोणीतरी विचारले, "आणि आपा?"

मेदेरने हाड खाली ठेवले.

"भली होती," मी म्हणालो. वाक्य अपुरे आहे, हे मला ठाऊक आहे.

जाताना शेरालीने बूट चढवता चढवता हळूच म्हटले, "माझी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा आपानं तिला सबंध हिवाळा भरवलं. मेदेरला मी एकदाच विचारलं, मास्तर. दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती नव्हती."

१२ ऑक्टोबर

तारखा दुरुस्त करून ठेवतो.

२ सप्टेंबर, बुधवार — झूरा गेली. तिनायबेकचा ऑगस्ट चूक.

४ सप्टेंबर, शुक्रवार — माती. गीते नाहीत. मेदेरने त्या दिवशी दगा दिला, असे मी वर लिहिले आहे, ते खोडावे.

झूराने येशूला सोडले — अशी तारीख नाही.

३० सप्टेंबर — 'आम्हाला मूल नाही' असे लिहिले. तेही खोडावे.

१२ ऑक्टोबर, आज सकाळी — साल्किन डगला घालून आली. बसली. म्हणाली, "झूरा गाय पिळताना रोज त्या येशूशी बोलायची. तो कोण, ते सांगा. आणि मास्तर, सोप्या वाक्यांत."