सातव्या फेरीचे गुण

३ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा दोन-दोन. पाच जणांची समिती आणि पाचवा मी, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. वर्षातला सर्वोत्कृष्ट बॉक्सर कोण, एवढंच ठरवायचं आहे. पण भांडण असं, की घराच्या वाटण्या चालल्यात.

पत्रकार बाई आणि डॉक्टर हातोड्याच्या बाजूने. वर्षात चार लढती, चारही नॉकआउट, एक तर दीड मिनिटात. अध्यक्ष आणि म्हातारे कोच डावऱ्याच्या बाजूने. डावऱ्या दोनदाच लढला, पण त्यातली एक लढत सुतारासारख्या मुरलेल्या बॉक्सरशी. पूर्ण बारा फेऱ्या, आणि एका गुणाने जिंकला.

कोच म्हणाले, "चार पोती फोडणं वेगळं आणि सुतारासमोर बारा फेऱ्या उभं राहणं वेगळं."

बाई म्हणाल्या, "एका गुणाने जिंकला म्हणजे हरता हरता वाचला."

कोचनी खुर्ची अशी मागे सरकवली की डॉक्टरांचा चहा सांडला.

त्या लढतीत रिंगबाहेर बसून गुण देणाऱ्या तीन पंचांपैकी मी एक होतो. तिघांपैकी एकाने सुताराला दिली, एकाने डावऱ्याला, आणि माझ्या ११४–११३ वर निकाल लागला. सुतार त्यानंतर रिंगमध्ये उतरलाच नाही. अडतिसावं वर्ष. मूळचा खराच सुतार, परत रंधा हातात घेतला.

"तुम्ही तर रिंगपासून दोन हातांवर बसला होतात. तुम्हीच काय ते सांगा," अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, बारा तारखेला मत देतो. तोवर दोन्ही उमेदवारांची सगळ्यात चांगली लढत पुन्हा बघायची, आवाज बंद करून. समितीची ही जुनी शिस्त. गर्दीचा आरडाओरडा कानावर पडला की डोळे फसतात.

५ डिसेंबर, गुरुवार

हातोड्याच्या चारही बघितल्या. पाऊण तासात संपल्या. समोरचे चौघेही आधीच घाबरलेले. बाईंना काय दिसतं यात, देव जाणे.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी ही बहिणीकडे गेली. दार लावलं, सुताराची लढत लावली. आवाज बंद. जुनी खिशातली वही शेजारी ठेवली. प्रत्येक फेरीनंतर मी तिच्यात एक ओळ लिहितो, कोणाची फेरी आणि का. पंधरा वर्षांची सवय.

सातवी फेरी. डावऱ्या दोरांना टेकलेला, सुताराचे हात थांबत नाहीत. शेंबडं पोरही सांगेल कोणाची फेरी ते. वहीत बघितलं — "७. सुतार. स्पष्ट."

मग काय सुचलं कोण जाणे, वहीतल्या बाराही फेऱ्यांची बेरीज केली. पंच लोक बेरीज करत नाहीत, करायचीही नसते. फेरी संपली की चिठ्ठी द्यायची आणि विसरायचं. बेरीज बॉक्सिंग संघटनेचा माणूस करतो.

११३–११४. सुतार.

तीनदा केली. शाळेत गणित शिकवतो मी, माझी बेरीज चुकत नाही. दहाव्या फेरीत डावऱ्या खाली पडला होता, तो जादाचा गुणही धरला. तरी तेच.

ही आली तेव्हा टीव्हीवर नुसतं चित्र चाललेलं. "आवाज गेला का हो?" म्हणाली. मी हो म्हटलं.

९ डिसेंबर, सोमवार

शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. संघटनेच्या कार्यालयात जाऊन जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. समितीसाठी हव्यात म्हटल्यावर कारकुनाने फाइल पुढे ढकलली आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं.

सातवी चिठ्ठी. लाल कोपरा दहा, निळा कोपरा नऊ. अक्षर माझं. सही माझी.

सुतार त्या दिवशी निळ्या कोपऱ्यात होता. पण चड्डी लाल घालून आला होता. सहा फेऱ्या मी स्वतःला बजावत होतो — लाल चड्डी, निळा कोपरा, घोळ घालू नकोस. सातवी संपली आणि पेन चालेना. शेजारच्याचं घेतलं. चिठ्ठ्या गोळा करणारा हात पुढे करून उभा. "चला सर, लवकर." डोळ्यांसमोर लाल होतं, लालखाली दहा लिहिले.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते आज कळलं. कार्यालयाच्या जिन्यात बसून राहिलो. एका माणसाचं बॉक्सिंग मी दुसऱ्याच्या पेनाने संपवलं.

१० डिसेंबर, मंगळवार

तिसऱ्या तासाला एका मुलाने बरोबर उत्तर भलत्याच रकान्यात लिहिलं. एरवी मी सरळ शून्य देतो, वर टोमणाही मारतो. आज हात धजला नाही. पूर्ण गुण दिले. मुलगा घाबरला.

सोपी वाट दिसतेय. हातोड्याला मत द्यायचं. तीन विरुद्ध दोन. चुकीचा सन्मान डावऱ्याला जात नाही, माझं तोंड बंद, नाव शाबूत. कोणाचं काही बिघडत नाही.

सुताराचं? त्याचं बिघडून अकरा महिने झाले.

डबा न उघडता तसाच परत आणला. ही म्हणाली, "बॉक्सर ते मारामारी करतात, आणि उपाशी तुम्ही?"

११ डिसेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर सुताराच्या कारखान्यात गेलो. का गेलो, मलाच ठाऊक नाही. त्याला सांगायला, की त्याच्या तोंडून काहीतरी ऐकायला.

खिडकीची चौकट ठोकत होता. मला बघून हातोडी खाली ठेवली, हात झटकला. "अरे, सर! या या." जाड झालाय. भुवईवरची खूण पार पुसट झालीय. बायको कोपऱ्यात एका दाराला पॉलिश करत होती. पदराला हात पुसत उठली, चहा ठेवला. "यांना भेटायला बॉक्सिंगवालं कोणी येत नाही आता," म्हणाली. हसत म्हणाली, म्हणून मी टोमणा समजलो.

मी विचारलं, "त्या लढतीचं काही वाटतं का रे?"

तो चौकटीवरून बोट फिरवत राहिला. "मला वाटलेलं मी जिंकलो. शेवटची घंटा झाली तेव्हा हात वरच केला होता. पण सर, तुम्ही तिघं बसला होतात, मी थोडाच बसलो होतो? हरलो तर हरलो. विषय संपला."

पण बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याची बायको बघत होती. माझ्याकडेच.

तोंडापर्यंत आलेलं गिळलं. चहा पिऊन निघालो. भित्रा आहे मी, दुसरं काय.

१२ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

कोचनी सुरुवात केली, डावऱ्याचं धैर्य, डावऱ्याचं फूटवर्क. बाई म्हणाल्या, हे सगळं तुम्ही मागच्या वेळीही ऐकवलंत. अध्यक्ष माझ्याकडे वळले. मी वही आणि चिठ्ठीची प्रत टेबलावर ठेवली आणि बोलत सुटलो. लाल चड्डी, निळा कोपरा, पेन. आवाज चिरकला माझा. छप्पन्नाव्या वर्षी.

डॉक्टरांनी बेरीज करून बघितली.

अध्यक्ष म्हणाले, "तुमचं मत हातोड्याला समजतो. हे कागद खिशात घाला. या खोलीत झालं, या खोलीत राहिलं." माझीच सोपी वाट, त्यांच्या तोंडून. ऐकायला इतकी घाण वाटेल असं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "संघटनेला लेखी देतो."

कोच उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वाटलं, मारतात आता. "त्या पोराकडे हे वर्ष एवढंच होतं," म्हणाले, आणि गेले. डावऱ्याला त्यांनीच घडवलाय. त्याचा तर मी विचारच केला नव्हता.

बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "छापावं लागेल मला." छापा म्हटलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

छापलं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना अचानक वह्या तपासायच्या होत्या.

२० डिसेंबर, शुक्रवार

हातोडा वर्षाचा सर्वोत्कृष्ट बॉक्सर. चार विरुद्ध शून्य. माझं मत घेतलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

संघटनेचं पत्र आलं. निकाल बदलला. सुतार विजयी. पंच म्हणून मी दोन वर्षं बाद. एवढंच? मी तर कायमचं धरून चाललो होतो.

हिने पत्र दोनदा वाचलं. "मग? आता तरी नीट जेवाल ना?" जेवलो. दुपारी झोप लागली, महिन्याभराची राहिलेली सगळी. मोकळं वाटतंय, खोटं कशाला लिहू. एका माणसाचं त्याला परत दिलं.

१५ जानेवारी, बुधवार

सुताराचा फोन आला होता. धड बोलूच शकत नव्हता. "सर, मला ठाऊक होतं... मला ठाऊकच होतं." इतकंच परत परत म्हणत राहिला. मी पण रडलो. शाळेच्या व्हरांड्यात, मुलांसमोर.

२ फेब्रुवारी, रविवार

सुताराची बायको दारात उभी. आत या म्हटलं, आली नाही.

डावऱ्याने पुन्हा लढत मागितली. सुताराने काल सही केली. कारखाना बंद ठेवून पहाटे पळायला जातो.

ती म्हणाली, "त्याचा डॉक्टर तीन वर्षं सांगत होता, डोक्याला मार नको, थांब. मी पाया पडत होते. ऐकला नाही कोणाचं. हरला तेव्हा थांबला, सर. वर्षभर माझा होता."

ती गेली.