पडद्याच्या मागनं बघितलेले पिच्चर

मी लंकाबाई आबासाहेब मिसाळ, वय सत्तरच्या पुढं, काम आधी ऊसतोड आन आता घरची कोरडवाहू, राहनार मिसाळवस्ती, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, म्हंजे नगरच, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं जाग्यावर हाय. मोतीबिंदू काढलाय, दिसतंय. कुनी धमकी दिली न्हाई, गोड बोलून बी फसवलं न्हाई. वकील केला न्हाई, तो सोपं असंल ते अवघड करतो. चौथी शिकलेय, तेवढ्यात जमलं तसं वाचा. ह्याच्या आधी काई लिहून ठेवलेलं न्हाई, तवा हेच खरं धरायचं.

माझं जे हाय ते असं: दोन खोल्यांचं घर, नवऱ्यामागं माझ्या नावावर झालेली जमीन, टीव्ही, शेळी, कोयता. आन पिच्चरबद्दलची मतं. आयुष्यात दुसरा शौक केला न्हाई, म्हनून ती बी वाटून टाकते.

१. टीव्ही माझ्या पोराला, अमृतला. त्याला मारामारीचे पिच्चर लागतात. एक गडी वीस जनांला लोळवतो हे मी मान्य करते, आमचा मुकादम एकटा सगळ्या टोळीला लोळवायचा. पन त्या फुटलेल्या काचा नंतर कोन झाडतं, ते एका बी पिच्चरमदी दावलेलं न्हाई. अमृत, इतके पिच्चर बघून तू काई शिकला न्हाईस. वीस जन राहू दे, घरात एक वाईट गोष्ट चालती, तिच्याकडं तुझी मान वळत न्हाई. ती गोष्ट खाली लिहिली हाय.

२. शेळी सुनेला, रुपालीला. रडके घरगुती पिच्चर बी तिलाच. त्यात सासू छळती, सून भरजरी लुगड्यात रडती, आन शेवटच्या रिळात सासूला उपरती हुती. माझी सासू बनुबाई शेवटचा श्वास सोडताना बी मला शिव्याच घालत हुती. रुपाली, मी बी सुधारनार न्हाई. वाट बघू नको.

३. भुताचे पिच्चर कुनाला नकोत. भुतं कायम बंगल्यात. आमी ऊसतोडीला कोपीत, म्हंजे पाचटाच्या झोपडीत झोपायचो, कदी भूत आलं न्हाई. भूत बी पक्कं घर बघून येतं. इनोदी पिच्चरमदी गावंढळ मानूस दावायचा, त्याचं धोतर सुटायचं आन आमी हसायचं. आमच्यावर हसायला आमीच तिकीट काढायचं. प्रेमाचे पिच्चर सगळ्यात खोटे. उसात नाचतात! उसाचं पान गालाला लागलं की रगत येतं, गानं कुठलं सुचतंय.

४. आता माझा नवरा आबासाहेब. तो मेलाय, त्याला द्यायचं काई न्हाई, पन त्याचं लिहिल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. मी जन्माची डावरी. आईनं लहानपनी उलथन्याचे चटके देऊन डावा हात मोडीत काढला. हे लिहिते ते उजव्यानं, डाव्याला लिहायला कुनी शिकवलंच न्हाई. लग्न झाल्यावर ऊसतोडीला देवळाली प्रवरेकडं जायचो. तिथं हंगामात तंबूतला पिच्चर यायचा. पडद्याच्या पुढं बसायचं तिकीट जास्त, मागं बसायचं कमी. आबासाहेब पुढं बसायचा आन मला मागं बसवायचा. पडदा पातळ, मागनं बी पिच्चर दिसतो. पन उजवं ते डावं दिसतं, हे मला ठावं न्हवतं. सुरवातीला नावं यायची ती वाचता यायची न्हाईत, तर मला वाटायचं, चौथीचं शिकलेलं मी इसरले.

आन तिथं सगळे डावरे. शिपाई डाव्या हातानं सलाम ठोकायचा. आई लेकराला डाव्या हातानं भरवायची. देवाच्या पिच्चरमदी देव डावा हात वर करून आशीर्वाद द्यायचा आन लोक पडद्याला हात जोडायचे. देवाचे पिच्चर मला सगळ्यात आवडले ते ह्याच्यासाठी. भक्तीसाठी न्हाई.

एकदा पिच्चर सुटल्यावर कोपीकडं जाताना मी म्हनले, "गोळी कशी डाव्या हातानं घातली, न्हाई?"

"उजव्या," आबासाहेब म्हनला.

"डाव्या. मी बघितलं की."

"आगं येडे, उजव्या. इचार कुनाला बी."

"भागू, तू सांग गं." भागूबाई माझ्याशेजारी मागंच बसलेली. ती म्हनली, "डाव्याच, भावजी."

तर हा बरोबरच्या गड्यांकडं बघून हसला. "ऐका! एकीला झाकावी, दुसरीला काढावी." मी पुन्यांदा डाव्या म्हनले, तवा कानाखाली दिली. त्याला ठावं हुतं, मागनं उलटं दिसतं. सगळ्या गड्यांला ठावं हुतं. कुनी सांगितलं न्हाई. त्यांची तेवढीच करमनूक.

मला कळलं ते अमृतनं माझ्या पैशानं टीव्ही आनला तवा. तोच देवाचा पिच्चर लागला आन देवानं उजवा हात वर केला. मी म्हनले, "ह्यो देव बदललाय." माझी लेक जया माहेरपनाला आल्ती. ती हसली, मग माझ्याजवळ येऊन बसली. म्हनली, "आई, तू पडद्याच्या मागं बसायचीस व्हय? मागनं सगळं उलटं दिसतं." मी टीव्ही बंद केला. आबासाहेब तवर मेला हुता, न्हाईतर जाब इचारला असता. त्या दिसापासून देवाचा पिच्चर बघत न्हाई.

५. आता खरी गोष्ट. अमृतची पोरगी धनश्री, माझी नात, डावरी हाय. जेवायला बसली की रुपाली तिच्या डाव्या हातावर मोजा घालून वर दोरी बांधती. पोरगी उजव्या हातानं भात सांडती आन मार खाती.

मी म्हनले, "रुपाली, सोड तिचा हात."

"आत्याबाई, तुमचं काय जातंय? तुमचं लगीन झालंय. उद्या हिला बघायला आले आन हिनं डाव्या हातानं चहा दिला तर?"

"तर पाव्हन्यांनी उजव्या हातानं घ्यावा."

"तुमाला सगळा पिच्चरच वाटतो."

"अमृत, तू तरी बोल काई."

"थांब गं आई, आता फायटिंग लागलीय."

म्हनून लिहून ठेवते. घर आन जमीन अमृतची, पन पोरीचा डावा हात मोकळा ठेवला तर. दोरी बांधली, मोजा घातला, चटका दिला, तर दोन्ही जयाचं. लोक म्हनतील पोरीच्याच नावावर कर. ती मोठी हुईस्तोवर कारभार ह्यांच्याच हातात, आन हात तर आताच मोडतोय. जया राहुरीला असती. तिनं न सांगता यायचं, जेवायच्या येळंला यायचं आन पोरीच्या हाताकडं बघायचं. जया, भावाची जमीन घ्यायचं तुझ्या मनात न्हाई, मला ठावं हाय. तरी दया करू नको. घे.

६. कोयता भंगारात घाला, कुनी पुजू नका. माझ्या फोटोचा फ्लेक्स लावायचा न्हाई. दहाव्याला कुनी भाषन करायचं न्हाई. जित्तेपनी दोन शब्द बरे बोलला न्हाईत, आता राहू द्या.

७. हा कागद शेजारच्या मच्छिंद्रकडं ठेवलाय. त्यानं तिरडी उचलायच्या आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. वाचून झाला की धनश्रीला पुढं बोलवायचं. माझ्या तोंडात पानी पयलं तिनं घालायचं, डाव्या हातानं. कुनी तिचा हात धरायचा न्हाई. भटजी आडवा आला तर शिधा देऊन वाटंला लावा. पोरगी आधी आईच्या तोंडाकडं बघंल. बघनारच, तशी सवय लावलीय तिला. तवा रुपाली, तू "घाल" म्हनायचं, सगळ्यांला ऐकू जाईल असं. तुझ्या तोंडातनं ते निघंस्तोवर तिरडी कुनी उचलायची न्हाई. मला कुठं जायची घाई न्हाई.

लिहून देनार: लंकाबाई आबासाहेब मिसाळ (सही)

साक्षीदार, वाटेकरी न्हाईत असे दोन:
मच्छिंद्र गर्जे, टेम्पोवाले, शेजारी. पिच्चर बघत न्हाईत म्हनून घेतले. (सही)
भागूबाई खाडे, माझ्याबरोबर ऊसतोडीला हुती. (अंगठा)

ठिकान: मिसाळवस्ती, ता. जामखेड
तारीख: १२ नोव्हेंबर २०२५