पडद्यावरचा खलाशी

गिरावीन, सिडनी
१२ मे १९९६

ती. पद्माताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही मजेत. संजीवच्या रात्रीच्या शिफ्टा संपल्या, त्यामुळे घरातली माणसं एकमेकांना दिसू लागली आहेत.

आता खाली बस आणि वाच. श्रीनिवास इथे आहे. तुझ्याशी साखरपुडा करून बोटीवर गेला तो. बोट केव्हाच सोडली, आता मराठी मंडळाचा अध्यक्ष आहे. बायको विनीता दातांची डॉक्टर, फार गोड बाई. त्याने मला ओळखलं नाही. तेव्हा मी दोन वेण्यांची दहा वर्षांची पोर होते.

समुद्राच्या हौसेपोटी त्याने मंडळासाठी एक जुना जर्मन मूकपट मिळवलाय. दीपगृहावरच्या मुलीला लग्नाचं वचन देऊन खलाशी दुसऱ्याच बंदरात संसार थाटतो, अशी गोष्ट. त्याने तो पाहिलेलाही नाही! दृश्यांच्या मधे पाट्यांवर येणारी वाक्यं जर्मन. मी इथल्या युनिव्हर्सिटीत जर्मन शिकवते, म्हणून ती मराठीत मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलंय.

ताई, निघताना तो तुला काय म्हणाला होता? शब्दन् शब्द कळव.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
नीला

रत्नागिरी
२४ मे १९९६

चि. नीलास,
अनेक आशीर्वाद.

असला वेडेपणा करू नकोस, असं लिहायला बसले होते. ते पान फाडलं.

मिऱ्या बंदरावर तो म्हणाला होता, दिवाळीला येतो; मला न्यायला येशील तेव्हा डाळिंबी शालू नेस, म्हणजे बोटीवरून लांबूनच ओळखीन. मी शालू घेतला. दोन दिवाळ्या तो नेसून धक्क्यावर उभी राहिले. बोट बुडाली की काय, म्हणून आपले नाना बोटीच्या कंपनीच्या दारात जाऊन रडले. तिथला कारकून हसून म्हणाला, बुडतोय कसला, लग्न करून सुखात आहे. त्यानंतर नाना चार माणसांत कधी बसले नाहीत.

वाच. सावकाश, स्पष्ट वाच. दोन दिवस आधीपासून ज्येष्ठमध चघळ, तुझा घसा लगेच बसतो.

संजीवरावांना नमस्कार. जीव लावतेस तसाच लाव.
तुझी ताई,
पद्मा

गिरावीन
१७ जून १९९६

ती. ताईस,
सा. न.

झालं. हॉल भरला होता. श्रीनिवास पहिल्या रांगेत, शेजारी विनीता.

अर्ध्यापर्यंत मी इमानदारीने वाचलं. मग खलाशी निरोप घेऊ लागला. पडद्यावर त्याने ओठ हलवले आणि मी तुझी वाक्यं वाचली. दिवाळी, डाळिंबी शालू, सगळं. जर्मन खलाशाच्या तोंडी दिवाळी ऐकून लोक खो खो हसले. एक माणूस हसला नाही. पुढे मुलीचा बाप बंदरावर आला, तेव्हा मी नानांचं वाचलं. मग हॉलमध्ये कुणीच हसेना.

श्रीनिवास ताडकन उठला. हे खोटं आहे, असं काही झालंच नव्हतं, म्हणून ओरडला. विनीताने शांतपणे विचारलं, अरे, सिनेमातलं तुला कसं माहीत? ती पर्स उचलून एकटीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, ती घरी आली. चहा घेतला नाही. त्या मुलीचं नाव काय, एवढंच विचारलं. मी तुझं नाव-पत्ता दिला. रागावलीस का?

तुझीच,
नीला

रत्नागिरी
२० जुलै १९९६

चि. नीलास,
आशीर्वाद.

रागावले नाही. तुझं पत्र वाचून दिवसभर हसत होते. शाळेत माझ्या वर्गातल्या मुली बघत राहिल्या. संध्याकाळी मात्र विनीताची आठवण झाली. तिने माझं काय बिघडवलं होतं? मग तिचंच पत्र आलं. खरं काय ते विचारलं होतं. मी तिला सगळं खरं लिहिलं आणि वर तिची माफी मागितली.

मागोमाग श्रीनिवासचंही आलं. विनीता बहिणीकडे राहायला गेली आहे. मी तिला लिहिलं ते सारं खोटं होतं, असं मीच तिला कळवावं; माझ्या एका ओळीवर त्याचा संसार टिकेल, अशी गयावया केली आहे. खाली लिहिलंय, उत्तराची वाट पाहतो.

पाहू दे.

आमच्या आंब्याला यंदा फळ चांगलं धरलं होतं. तू हवी होतीस. येत जा गं.

तुझी,
ताई