साठावी ओळ

४ ऑक्टोबर, मंगळवार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. तुम्हीही ठीक असणार, नाहीतर तुझ्या नवऱ्याने एव्हाना तीन फोन केले असते. पत्र पाहून म्हणशील, ताईचा फोन बिघडला की काय. फोन धड आहे. पण फोनवर तू "पेशंट आलाय, नंतर बोलते" म्हणतेस आणि ते नंतर कधी उजाडत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

अक्षर थोडं वाकडं येतंय. फार लिहिलं की उजव्या मनगटाला ओढ लागते. विशेष काही नाही.

घरात नवीन असं काही नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी तबला शिकायला लागलंय. पुढच्या वर्षापर्यंत बरं वाजवतील. तोवर मी दार लावून घेते.

काम मात्र भरपूर आहे. कॉलेजच्या त्रैमासिकाचा पुढचा अंक तयार होतोय आणि आकडे तपासायला तीन लेख आलेत. तू ज्याला 'दुसऱ्याच्या चुका काढायचा परवाना' म्हणतेस, तेच काम. तीन लेखांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एक जमिनीच्या वापराबद्दलचा, एक औषधाबद्दलचा, एक परदेशी ट्रेनिंगबद्दलचा. आमचे संपादक सगळ्यांना एकाच पंक्तीला बसवतात.

जमिनीवाल्याने उपग्रहाच्या चित्रावर दोनशे ठिकाणं निवडली आणि प्रत्येक ठिकाणी पायी जाऊन पाहिलं, की पूर्वी शेत होतं तिथे आता काय आहे. कुठे गोदाम, कुठे प्लॉट, कुठे नुसतंच गवत. अकरा ठिकाणी त्याला आत जाता आलं नाही. तिथे त्याने सरळ लिहिलंय, "फाटक बंद. कुत्रा सुटा. पाहिले नाही." मला हा माणूस फार आवडला. कुत्र्याला भ्याला आणि तसं लिहून मोकळा झाला.

ट्रेनिंगवालीचं थोडं वेगळं आहे. एका कंपनीने चाळीस कामगार नवीन यंत्रं शिकायला चार महिने परदेशी पाठवले. परत आल्यावर त्यांना विचारलं, फायदा झाला का? नव्वद टक्के म्हणाले, झाला. मी मोजलं तर विचारलंय एकतीस जणांनाच. उरलेले नऊ नोकरी सोडून गेले होते, म्हणून त्यांना कोणी विचारलंच नाही. आता तूच सांग, ज्याला फायदा वाटला नाही तोच सोडून जाणार ना? तुझे चिरंजीव परदेशातून आले आणि सहा महिन्यांत राजीनामा देऊन घरी बसले. त्यांना विचारलं असतं तर नव्वदाचं काय झालं असतं, ते तू जाणतेस. मी तिला कळवलंय, "नऊ जण शोधा."

तिसऱ्या लेखाबद्दल नंतर लिहीन.

एक विचारायचं होतं. वर्षाच्या सुरुवातीला तू त्या ब्लडप्रेशरच्या गोळीचा अभ्यास केलास, साठ वर्षांवरच्या पेशंटांचा. त्यात मध्येच किती जण गळले? नुसता आकडा कळव.

तुझी,
ताई


१२ ऑक्टोबर, बुधवार

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

परवा तू फोन केलास. पेशंट आला नव्हता, चांगली दहा मिनिटं बोललीस. "ताई, कोणीही गळलं नाही! साठच्या साठ. लेखही पाठवलाय, कुठे ते छापून आल्यावर सांगते. वीस तारखेच्या मुलाखतीत हाच माझा हुकमी एक्का." मी "बरं" म्हटलं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

तो लेख माझ्या टेबलावर आहे, धाकटे. तिसरा लेख तोच.

वैद्यकीय लेख डॉक्टरकडे तपासायला जातो, हा तुझा हिशेब बरोबर होता. त्यांच्याकडून तो पासही झाला. पण आकडे शेवटी माझ्याकडे येतात. लेखकाचं नाव झाकलेलं असतं, आणि पहिली दोन पानं मला खरोखर काही कळलं नव्हतं. मी आपली तक्ता घेऊन बसले. साठ पेशंट, प्रत्येकी सहा भेटी. तीनशे साठ चौकोन आणि एकही रिकामा नाही. म्हाताऱ्या माणसांचा, सहा महिन्यांचा अभ्यास. कोणाला सर्दी झाली नाही, कोणाची बस चुकली नाही, कोणी लेकीकडे गेलं नाही. एकतीस वर्षं शिकवलं मी. साठ पोरांच्या वर्गात एक दिवस पूर्ण हजेरी लागली तरी मला संशय यायचा.

मग शेवटचे अंक पाहिले. प्रत्येक भेटीत पाऱ्याच्या यंत्राने मोजलं, असं लेखात म्हटलंय. त्या यंत्रावर दोन-दोनच्या अंतराने रेघा असतात. माणूस १३० वाचतो, नाहीतर १३२. १३१ तिथे लिहिलेलंच नसतं. पहिल्या दोन भेटींचे आकडे सगळे सम आहेत. तिसऱ्या भेटीपासून काही ओळींत १३१, १२७, १३३. हे यंत्राने मोजलेले आकडे नाहीत. खरे दिसावेत म्हणून डोक्यातून काढलेले आहेत.

आणि मग साठावी ओळ. स्त्री, वय सदुसष्ट, उंची १४७ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, निवृत्त शिक्षिका. हे ध्यान मी रोज आरशात पाहते. फेब्रुवारीत तू म्हणालीस, "ताई, एकोणसाठच होताहेत, एक कमी पडतोय, ये ना गं." मी बसने दोन तास येऊन बसले. पहिल्या भेटीत १६४, दुसऱ्या भेटीत १५२. दोन्ही माझ्या कॅलेंडरवर टिपलेले आहेत. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी भेट माझ्या कॅलेंडरवर नाही, कारण मी आलेच नव्हते. तुझ्या तक्त्यात मात्र आले आहे. १३३, १३१, १२९, १२७. दर महिन्याला दोन-दोनने सुधारतेय. इतकी गुणी पेशंट मी आयुष्यात कधी नव्हते.

आता माझी बाजू. हे लिहायला मला आठ दिवस लागले.

मी आले नाही, कारण मी गोळी बंद केली होती. ती सुरू केल्यापासून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सव्वीस मार्चला भाजीची पिशवी घेऊन जिना उतरत होते. तिसऱ्या पायरीवर अंधारी आली आणि खाली गेले. मनगट मोडलं. पाच आठवडे प्लास्टर होतं. मे महिन्यात तुझ्या घरी राहायला आले तेव्हा चहाचा कप मी डाव्या हाताने धरत होते. तू डॉक्टर, आणि तुला दिसलं नाही. मी लपवत होते, हेही खरं.

एप्रिलमधला तुझा फोन मला शब्दन् शब्द आठवतो.

"गोळी मानवतेय ना?"

"मानवतेय."

"चक्कर वगैरे?"

"छे, मला कसली चक्कर!"

"मग दर महिन्याला एवढी दगदग करून येऊ नकोस. मी बघते."

हाताला प्लास्टर होतं आणि मी हे बोलले. का बोलले? एक म्हणजे, तुझे साठ पूर्ण माझ्यामुळे झाले होते, ते माझ्यामुळेच मोडतील असं वाटलं. दुसरं म्हणजे, मोठी मी. तुझ्यापुढे पडायची मला सवय नाही. दोन्ही कारणं लिहिल्यावर फार फुसकी दिसताहेत.

पण तुझ्या लेखाच्या शेवटच्या पानावर म्हटलंय, "चक्कर किंवा पडल्याची तक्रार: एकही नाही." आणि त्याखाली शिफारस, की ही गोळी शहरातल्या सगळ्या दवाखान्यांतून वृद्धांना द्यावी. माझा जिना सहा पायऱ्यांचा होता. सगळ्यांचा तेवढाच नसतो.

संपादकांना काल भेटले. माझेच जुने विद्यार्थी. टक्कल पडलं तरी माझ्यापुढे उभेच राहतात. म्हटलं, "हा लेख मला तपासता येणार नाही."

"का बाई? झाकलेलं नाव ओळखलंत?"

"आधी स्वतःला ओळखलं. मग नाव ओळखायची गरज उरली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अठरा तारखेपर्यंत थांबा."

ते थांबतील. अठराच्या आत लेख तू मागे घे. कारण तुझ्या तोंडाने सांग. नाही घेतलास तर अठराला मी सगळं लिहून देईन, माझ्या खोट्या फोनसकट. वीसला तुझी मुलाखत आहे. विभागप्रमुखपदाची वाट तू अकरा वर्षं पाहिलीस आणि तुझ्या निवृत्तीला दोनच राहिलीत, हे सगळं मला माहीत आहे. ते माहीत असूनच लिहिते आहे.

आणि साठही जणांना पुन्हा फोन कर. "बरं आहे ना?" असं विचारू नकोस. त्याचं उत्तर "बरं आहे" असंच येतं. "गोळी कधी बंद केलीत?" असं विचार. सुरुवात माझ्यापासून कर. गोळी एकूण एकेचाळीस दिवस घेतली. काल कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मोजून घेतलं, १५८ आणि ९०.

ताई


३ नोव्हेंबर, गुरुवार

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तेरा तारखेला तू फोनवर जे बोललीस ते ऐकून घेतलं. "खोटं तू बोललीस आणि पिंजऱ्यात मी? तुझ्या भरवशावर मी आकडा लिहिला, ताई! दुसऱ्या कोणाच्या नाही, तुझ्या!" त्यातलं निम्मं खरं आहे आणि ते निम्मं मी घेते. उरलेलं निम्मं असं, की तू फोनवर विचारलंस आणि लिहिलंस मात्र यंत्राने मोजलं म्हणून. मी खरं बोलले असते तरी तो आकडा मोजलेला झाला नसता. आणि विषम आकडे एकट्या माझ्या ओळीत नव्हते.

सतरा तारखेला तुझं पत्र संपादकांना मिळालं. त्यांनी मला वाचायला दिलं. "काही पेशंटांचे आकडे न मोजता भरले. जबाबदारी माझी आहे. लेख मागे घेत आहे." तीन वाक्यं. हाताखालच्या कोणावर ढकललं नाहीस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. संपादक म्हणाले, "बाई, पाणी देऊ का?" मी म्हटलं, "कशाला? मला तहान लागली नाही."

काल तुझं पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, नुसता नवा तक्ता. मी तो पहिल्या ओळीपासून तपासला. सवयच आहे. एकेचाळीस जणांनी गोळी पूर्ण घेतली. तेरा जणांनी मध्येच सोडली. सहा जण सापडले नाहीत, त्यांच्यापुढे तसं लिहिलंय. सोडणाऱ्या तेरांतले चार जण पडले होते. त्यात एक मी, आणि एक निवृत्त ड्रायव्हर, ज्यांचा खुबा मोडला आणि जे जूनपासून अंथरुणावर आहेत. त्यांनाही एप्रिलमध्ये तुझा फोन गेला होता आणि चक्कर येत असूनही ते "बरं आहे" म्हणाले होते. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, त्यांना कशाला त्रास, असं त्यांना वाटलं म्हणे.

माझ्या ओळीत आता दोनच आकडे आहेत आणि पुढे चार चौकोन कोरे. शेरा असा: "चक्कर, पडणे, मनगट मोडले. औषध स्वतःहून बंद केले. डॉक्टरांपासून लपवले." शेवटचं वाक्य लिहिताना तुझ्या मनात काय होतं, मला कळलं. बरोबर लिहिलंस. खोडू नकोस.

मुलाखतीला तू गेलीसच नाहीस आणि जागा तुमच्या विभागातल्या त्या मधुमेहाच्या डॉक्टरांना मिळाली, हे चिरंजीवांकडून समजलं. तो म्हणाला, "मावशी, आई तुझं नावसुद्धा काढत नाहीये. मी काढलं तर उठून आत जाते." आणि हेही म्हणाला, की तू दर रविवारी त्या ड्रायव्हरच्या घरी जातेस आणि त्यांना धरून चार पावलं चालवतेस. ते मला कळायला नको होतं बहुतेक. पोरगं बोलून गेलं, त्याला रागावू नकोस.

लेख थांबवला याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा थांबवीन. तुझी जागा गेली याचं वाईट वाटतं, आणि ते वाटणं काही कमी होत नाहीये. एप्रिलमध्ये एक शब्द खरा बोलले असते, "धाकटे, मी पडले गं," एवढाच, तर तू त्याच दिवशी धावत आली असतीस. आलीच असतीस. मग तू बाकीच्यांनाही विचारलं असतंस. साठ वेळा नाही तरी दहा वेळा. ते एक वाक्य मी गिळलं, त्याबद्दल माफी मागते. मी माफी मागितल्याचं तुला आठवत नसेल. मलाही आठवत नाही. तेव्हा ही पहिलीच समज.

नवा तक्ता कोऱ्या चौकोनांसकट छापण्याजोगा आहे. लेखिका म्हणून तुझंच नाव हवं. संपादकांना मी विचारलेलं नाही. ते तू विचारायचं आहेस. आकडे मी तपासणार नाही, दुसरं कोणीतरी बघेल.

येत्या रविवारी सकाळच्या बसने येते आहे. तुझ्या घरी नाही. ड्रायव्हरांच्या घराचा पत्ता चिरंजीवांकडून घेतला आहे. धरायला एका बाजूने तू असशील, दुसऱ्या बाजूने माणूस लागतच असेल. मनगट माझं तेवढं सोसेल. तिथे माझ्याशी बोललंच पाहिजेस असं नाही.

"या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल," असं इथे लिहिलं होतं आणि खोडलं. चालणार नाही.

तुझी,
ताई