ऑगस्टमधली चाचणी

पॉइंट क्लेअर, लुइझियाना
मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय आंद्रे,

कसा आहेस? दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या दिराला पत्र कसलं लिहायचं, म्हणून हसशील. पण समोर आलास की तू गळ्यात शिट्टी अडकवलेला शाळेचा फुटबॉल कोच असतोस, मला बोलूच देत नाहीस.

इकडे ठीक. भेंडी यंदा उदंड आली. रविवारी तिचाच दाटसर गम्बो रांधला, तुझा डबा काढून ठेवलाय. चर्चमध्ये म्हातारा अल्सीद आपल्या क्लॉविसच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय रे हातोड्या, बॉल फेकायच्या आत त्या क्वार्टरबॅकला कसला आडवा केला होतास! अजून उठला नसेल बिचारा!" सगळे हसले. तोही हसला, तुझा भाऊ. गाडीत बसल्यावर मला विचारतो, "हातोड्या कोण गं?"

इतकी वर्षं त्याने डोकं घालून माणसं पाडली आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. त्या टाळ्या आता कानात वाजतात आणि मला भीती वाटते. कधी कधी तो घरातच, मैदानावर शिट्टीची वाट बघत थांबायचा तसा, वाकून, एक हात जमिनीला टेकवून थांबतो. समोर कुणीच नसतं. मी पाठीवर हात ठेवून म्हणते, "खेळ संपला, चल." मग येतो.

आता माझ्या देसमंडचं. गेल्या शुक्रवारी खेळताना तो डोक्यावर आपटला, तेव्हा तू म्हणालास, "वहिनी, उगाच घाबरू नकोस. मोसमाआधी ऑगस्टमध्ये डोक्याची चाचणी घेतली होती ना, आज परत घेतली. गुण तेवढेच. पोरगा ठणठणीत आहे, येत्या शुक्रवारी खेळणार!"

पण पोरगा उजेडाकडे बघत नाही रे. काल दूध कपड्यांच्या कपाटात ठेवलं. मी खनपटीलाच बसले, तेव्हा बोलला, "मम्मा, ऑगस्टमध्ये मी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. आधीच गुण कमी पाडून ठेवायचे, म्हणजे नंतर डोकं आपटलं तरी फरक दिसत नाही. सगळेच करतात."

"कोणी शिकवलं रे मेल्या तुला हे?"

"डॅडींनी."

आंद्रे, त्या माणसाला पोराचं नाव आठवत नाही. त्याला तो 'तो नवीन पोरगा' म्हणतो. पण व्हरांड्यात शेजारी बसवून हे मात्र त्याने नीट समजावलं, मायेने. ही युक्ती तुला ठाऊक नव्हती, असं मला सांगू नकोस.

ते ऑगस्टचे गुण फाडून टाक. देसमंड शुक्रवारी खेळणार नाही. त्याला उतरवलंस, तर अख्ख्या गावासमोर मैदानाच्या मधोमध येऊन उभी राहीन. मग गाव मला काय म्हणायचं ते म्हणो.

डबा न्यायला ये. येताना शिट्टी गाडीतच ठेव. ती दिसली की तुझा भाऊ उठतो, खांदा खाली घालतो, आणि आता घरात त्याच्यासमोर फक्त देसमंड असतो.

तुझी वहिनी, पण आधी देसमंडची आई,
योलांडा