विचारायला गेलो होतो

अब्बा, तुमची एक गोष्ट मी सभांमध्ये सांगते. इस्लामने बाईला दिलेला हक्क तिच्या हातात द्या, तो तुमच्या मेहरबानीचा नाही, असं मी गरजून म्हणते तेव्हा आधाराला किताबं असतातच. पण माणसं गप्प होतात ती तुमच्या गोष्टीने.

धरणगावचं आपलं घर, अंगणात पिंजून ठेवलेला कापूस, आणि शेजारी निकाह. तुम्ही मुलीचे वकील, म्हणजे तिची संमती विचारून काझीसाहेबांना कळवणारे. मी नऊ वर्षांची, नवरीच्या ओढणीला चिकटून बसलेली. तुम्ही दाराशी उभे राहून विचारता, "बेटी, कबूल है?" तुमच्या भुवयांवर अजून कापसाची लव आहे. नवरी गप्प. तिची खाला, म्हणजे मावशी, मागून तिची मान दाबते आणि म्हणते, "हाँ बोली, भाई. शरमाती है." तुम्ही चिडलात की अहिराणीत शिरायचात. "माले पोरना आवाज ऐकनं शे," म्हणालात आणि उंबऱ्याबाहेर चक्क बसकण मारलीत. वऱ्हाड खोळंबलं, बिर्याणी निवत चालली. बऱ्याच वेळाने नवरी म्हणाली, "डी.एड. पूर्ण करू देणार असतील तर." तुम्ही उठलात, ती अट निकाहनाम्यात लिहून घेतलीत आणि परत येऊन पुन्हा विचारलंत. घरी जाताना मी कुरकुरले, किती उशीर केलात! तर म्हणालात, "मी विचारायला गेलो होतो गं, हो आणायला नाही." माझ्या निकाहाला मी मुद्दाम गप्प राहिले, तुम्ही आणखी एकदा विचारावं म्हणून. "बेटी" म्हणताना तुमचा आवाज कापत होता, आणि तो मला पुन्हा ऐकायचा होता.

गेल्या महिन्यात धुळ्यात तुमच्या नातीचा, माझ्या लेकीचा निकाह झाला. वकील माझा धाकटा भाऊ. तुमच्यासारखाच दाराशी उभा राहिला, विचारलं, आणि पोर गप्प. हॉल भरलेला, मुलाकडचे घड्याळ बघतायत. माझ्याच तोंडून निघालं, "अरे, हो म्हणाली ती. जा लवकर." धाकटा हलला नाही. "आपा, मी विचारायला आलोय." वहिनी खुदकन हसली, "आज माइक पोरीकडे आहे, आपा!" पोरीने मान वर केली. "अम्मी, माझं मला बोलू दे ना. मामू, माझी नोकरी मी सोडणार नाही, एवढं लिहून आणा." तो बाहेर गेला. मुलाकडची मंडळी उठून जातील या भीतीने मी तिचा हात घट्ट धरला होता. धाकटा सही घेऊन आला, तेव्हा ती "कबूल है" इतकं मोठ्याने म्हणाली की बाहेरचे पुरुषसुद्धा हसले.

आता सभेत ही गोष्टही सांगते. धाकट्याचं सांगते, पोरीचं सांगते, टाळ्या पडतात. हा कागद भाषणांच्या वहीत ठेवतेय, अब्बा. "हो म्हणाली ती" कोण म्हणालं, तिथे आल्यावर मी अजून "एक नातेवाईक बाई" असंच म्हणते.